काय बनवायचे हे ठरवण्याआधी: मराठवाड्यातील प्रॉडक्ट टीमसाठी डिस्कव्हरीची कार्यपद्धती

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमध्ये सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमकडे काम बहुतेक वेळा यादीच्या रूपात येते. ग्राहक कंपनीचा मालक, गुंतवणूकदार किंवा टीममधलाच एखादा अनुभवी सदस्य सांगतो की अमुक स्क्रीन हवी, तमुक रिपोर्ट हवा. त्या ओळी जशाच्या तशा बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, जातात आणि पुढच्या स्प्रिंटपासून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या पुढच्या फेरीपासून, डेव्हलपर त्यांवर राबू लागतात. काही महिन्यांनी प्रॉडक्ट तयार होते, आणि ते कोणी वापरत नाही हे तेव्हा कुठे लक्षात येते. हे कोड लिहिण्याआधीच लक्षात यावे, यासाठी बोलण्यातून, पाहण्यातून आणि लहान चाचण्यांतून जे शिस्तबद्ध काम केले जाते त्याला प्रॉडक्ट डिस्कव्हरी म्हणतात.

या कामाची अंगे अनेक असली तरी कसोटी एकच आहे. आठवडाभराच्या डिस्कव्हरीमुळे टीमचा एखादा निर्णय बदलू शकत होता का, हे स्वतःला विचारावे. जे आधीच ठरले आहे त्याला दुजोरा मिळवण्यासाठी गावोगाव फिरणे म्हणजे डिस्कव्हरी नव्हे; त्यात टीमचा वेळ जातो आणि त्याहून वाईट म्हणजे समोरच्या माणसाचा जातो. खालील मांडणी याच कसोटीला धरून केली आहे. उदाहरणासाठी एक काल्पनिक, पण आपल्याकडे सहज आढळू शकेल अशी टीम घेऊ. तीन-चार जणांची ही टीम लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील सोयाबीन उत्पादकांसाठी बाजारभाव दाखवणारे अ‍ॅप बनवू इच्छिते.

आधी निर्णय लिहून काढावा

पहिल्या दिवशी कोणालाही भेटायला जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता निर्णय घ्यायचा राहिला आहे, तो कधीपर्यंत घ्यायचा आहे, आणि काय दिसले तर आपण आजचा विचार सोडून देऊ. तिसरी गोष्ट लिहिणे सर्वांत अवघड जाते आणि म्हणूनच ती टाळू नये. आपल्या उदाहरणातील टीम असे लिहील: "शेतकऱ्याला माल विकण्याआधी भाव कळत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. गेल्या हंगामात माल विकलेल्या बहुतेकांना घरातून निघण्यापूर्वीच त्या दिवसाचा भाव ठाऊक होता असे आढळले, तर भाव दाखवणे हे प्रॉडक्टचे मुख्य काम धरायचे नाही." असे वाक्य आधी लिहून ठेवले नसेल, तर नंतर मिळालेल्या प्रत्येक उत्तराचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो.

त्याच कागदावर उद्दिष्टही लिहावे, पण ते "दिवाळीपूर्वी अ‍ॅप सुरू करणे" असे नसावे. अ‍ॅप सुरू होणे हे टीमचे काम झाले. त्याने शेतकऱ्याच्या आयुष्यात काय बदलेल हे उद्दिष्ट झाले. "माल विकल्यावर हातात पडणारी रक्कम शेतकऱ्याने घरी केलेल्या अंदाजाच्या जवळ असावी" हे उद्दिष्ट मोजता येते, आणि ते गाठण्याचे मार्गही एकापेक्षा अधिक असू शकतात. मार्ग एकच दिसत असेल, तर उद्दिष्टाच्या जागी आपण फीचरच लिहून बसलो आहोत असे समजावे.

यानंतर गृहीतके काढावीत. प्रॉडक्ट फसण्याच्या जोखमी सर्वसाधारणपणे चार प्रकारच्या मानल्या जातात: लोकांना ते हवेसे वाटेल का, त्यांना ते वापरता येईल का, आपल्याला ते तांत्रिकदृष्ट्या बनवता येईल का, आणि ते चालवणे आपल्या व्यवसायाला व कायद्याला धरून परवडेल का. प्रत्येक प्रकारातील गृहीतके भिंतीवर लावावीत, आणि जे खोटे ठरल्यास सगळा डोलारा कोसळेल पण ज्याच्या बाजूने आज हातात जवळपास काहीच पुरावा नाही, असे एक गृहीतक निवडावे. माझ्या मते तांत्रिक जोखीम ही आपल्याकडच्या टीमची खरी अडचण क्वचितच असते. आपले इंजिनिअर बनवण्यात कमी पडत नाहीत. कमी पडते ती पहिल्या प्रश्नाची तपासणी. तरीही इंजिनिअरला या कामातून वगळू नये. प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर आणि एक इंजिनिअर असे तिघे मिळून मुलाखतीला गेले, तर नंतर अहवाल लिहून समजावत बसावे लागत नाही, आणि स्वस्तातली वेगळी वाट अनेकदा इंजिनिअरलाच सुचते.

कोणाशी बोलावे

माणसे निवडताना झालेली चूक पुढे कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही. गावातील कृषी सेवा केंद्राच्या मालकाला "पाच-सहा शेतकरी बोलवा" म्हणून सांगणे सोपे असते. पण त्या शेतकऱ्यांची खत-बियाण्यांची उधारी बहुधा त्याच दुकानात असते, आणि मालकाने आणलेल्या पाहुण्यांसमोर ते मोकळे बोलणार नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांकडून मिळालेली नावे साधारणपणे जास्त जमिनीच्या आणि सभांना येणाऱ्या लोकांची असतात. म्हणून नावे किमान तीन वेगळ्या वाटांनी मिळवावीत. एखादे नाव दुकानातून, एखादे महिला बचत गटातून आणि एखादे बाजार समितीच्या आवारात थेट ओळख करून घेऊन मिळवावे, आणि प्रत्येक नावासमोर ते कोणामार्फत मिळाले याची नोंद ठेवावी.

निवडीचा निकष मतावर न ठेवता कृतीवर ठेवावा. "शेतीसाठी मोबाइल वापरण्यात रस असलेले शेतकरी" हा निकष निरुपयोगी आहे. "गेल्या ऑक्टोबरपासून किमान एकदा सोयाबीन विकलेले, पाच एकरांपेक्षा कमी जमीन असलेले" हा निकष कामाचा आहे, कारण अशा माणसाजवळ सांगण्यासारखी घडलेली गोष्ट असते.

आपल्या भागात वापरकर्ता, खातेदार आणि निर्णय घेणारा ही एकच व्यक्ती असेल असे गृहीत धरता येत नाही. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करावी यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमध्ये एका मोबाइल क्रमांकावरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्या गावात फोन सफाईने हाताळणारे तरुण थोडे आहेत तिथे ही सोय नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा. सातबारा वडिलांच्या नावावर, फोन मुलाच्या खिशात आणि पैशाचा हिशेब आईच्या डोक्यात, अशी घरे कमी नाहीत. त्यामुळे मुलाखत ठरवताना "तुमच्या घरात माल कधी विकायचा हे कोण ठरवतं?" हे आधी विचारावे आणि त्या व्यक्तीला भेटावे. स्त्रियांशी बोलायचे असेल तर टीममध्ये एक स्त्री असावी आणि गप्पा शक्यतो घरातील पुरुषांच्या गराड्यात होऊ नयेत. अन्यथा प्रश्न एकीला आणि उत्तर दुसऱ्याकडून असेच चालते.

हंगामाचे भान याच टप्प्यावर ठेवावे. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी व मळणी चालू असताना कोणाचाही तासभर मागणे योग्य नाही. त्या दिवसांत बोलण्यापेक्षा पाहावे. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडची माणसे शेतावर असतात, त्या दिवशी भेट ठरवू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या दिशेने गेलेले असतात, त्यामुळे जानेवारीत केलेल्या पाहणीत ती कुटुंबे दिसतच नाहीत. ती दिसली नाहीत म्हणजे ती आपली वापरकर्ती नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

मुलाखत: मत न विचारता घडलेले विचारावे

डिस्कव्हरीतील सर्वाधिक चुका मुलाखतीत होतात, म्हणून इथे थोडे थांबू. "असं अ‍ॅप आलं तर तुम्ही वापराल का?" हा प्रश्न कधीही विचारू नये. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाचे मन मोडत नाहीत. चहा झाल्यावर "चांगलंच आहे की, वापरू ना" असे उत्तर येते आणि टीम आनंदाने परतते. त्या उत्तरातून यजमानाचा चांगुलपणा कळतो, गरज कळत नाही. "तुम्हाला काय हवं आहे?" हाही प्रश्न तितकाच फसवा आहे, कारण त्याने उपाय शोधण्याचे आपले काम आपण समोरच्याच्या गळ्यात घालतो.

त्याऐवजी शेवटची घडलेली घटना घ्यावी आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावावी. "काका, मागच्या खेपेला माल कधी घातलात? त्या दिवशी सकाळी घरातून निघाल्यापासून पैसे हातात येईपर्यंत काय काय झालं ते सांगा." इतक्या एका प्रश्नावर मुलाखतीचा मोठा भाग निघतो. पुढचे प्रश्न केवळ धागा पुढे नेण्यासाठी असावेत. मग काय झालं, तेव्हा सोबत कोण होतं, हे कसं कळलं, त्याआधीच्या खेपेलाही असंच झालं होतं का, अशा स्वरूपाचे. "नेहमी", "सगळेच", "आपल्याकडे असंच असतं" असे शब्द आले की नम्रपणे पुन्हा त्या एका दिवसावर आणावे. सर्वसाधारण विधानांत माणूस स्वतःचे अनुभव, इतरांचे बोलणे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेले एकत्र करतो. विशिष्ट दिवसाच्या आठवणीत तसे करणे अवघड असते.

समजा, आपल्या टीमला उदगीरजवळच्या एका गावात असे उत्तर मिळाले: "भाव तर ग्रुपवर सकाळीच आला होता. पोटलीचा, म्हणजे नमुना बघून निघालेला, भाव बी माहीत होता. पण तिथं गेल्यावर मशीन लावली, ओलावा जास्त म्हणले, काडीकचरा म्हणले, अन् शंभर-दीडशे कमीच धरले. आता टेम्पो भरून नेलेला माल काय परत आणता का?" या चार वाक्यांत टीमच्या मूळ गृहीतकाचे उत्तर आहे. भाव ठाऊक होता. मालाची प्रत किती धरली जाईल हे ठाऊक नव्हते, आणि ते कळेपर्यंत भाडे खर्ची पडले होते. पण इथे घाईने नवा उपाय जुळवू नये. अजून विचारायचे आहे: त्याच आडत्याकडे का नेला? उत्तर जर "उचल घेतली होती" असे असेल, तर भाव कळणे आणि ओलावा कळणे या दोन्हींचा उपयोग मर्यादित आहे, कारण माल कुठे न्यायचा याचा निर्णय पेरणीच्या वेळीच झालेला होता. एकाच माणसाच्या गोष्टीत अशी दोन-तीन मुळे गुंतलेली असतात. ती सुटी करणे हेच मुलाखत घेणाऱ्याचे कौशल्य आहे.

पुरावा मागायला संकोच करू नये. "ती पट्टी ठेवली आहे का?" असे विचारावे. आडतीची हिशोबपट्टी समोर आली की वजन, दर, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम एका कागदावर दिसते, आणि आठवणीतले आकडे व कागदावरचे आकडे यांतला फरकही कळतो. मात्र त्या कागदाचा फोटो घेण्याआधी तो कशासाठी हवा, कोण पाहील आणि कधी पुसला जाईल हे साध्या मराठीत सांगून परवानगी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला कायदेशीर वजन दिले आहेच, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवे होते. सातबारा, आधार आणि पासबुक यांचे फोटो डिस्कव्हरीसाठी लागत नाहीत. ते घेऊच नयेत.

मुलाखतीत एकाने बोलावे आणि एकाने लिहावे. त्याच संध्याकाळी, गाडीत बसल्या-बसल्या, एका पानावर तीन रकाने करून टिपण पूर्ण करावे: त्यांनी काय सांगितले, आपण प्रत्यक्ष काय पाहिले, आणि आपण काय अर्थ लावला. तिसरा रकाना वेगळा ठेवण्याचा आग्रह मी धरतो, कारण आठवड्याने वाचताना आपला तर्कच शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य होऊन बसतो.

जिथे बोलणे अपुरे पडते तिथे पाहावे

कारखान्यांसाठी प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीमला मुलाखतीपेक्षा पाहणी अधिक शिकवते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्या परिसरात सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांचे जाळे वाढत गेले. अशा एखाद्या मशिन शॉपच्या मालकाला विचारले तर तो रिजेक्शनचा रिपोर्ट मोबाइलवर हवा असे सांगेल, आणि ते खरेही असेल. पण शिफ्ट बदलताना अर्धा तास कोपऱ्यात उभे राहिले तर वेगळे दिसेल. सुपरवायझरच्या हाताला तेल लागलेले असते. तो रिजेक्ट झालेले नग क्रेटमधून मोजतो, आकडा आधी खडूने मशिनच्या बाजूला लिहितो, नंतर रजिस्टरमध्ये उतरवतो आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो. कारणाचा रकाना मात्र बहुतेक ओळींत रिकामा राहतो, कारण कारण ठरवणारा क्वालिटीचा माणूस तोवर निघून गेलेला असतो. आता मालकाला कितीही देखणा रिपोर्ट दिला तरी त्यात कारण नसेल, आणि कारणाशिवाय तो रिपोर्ट पाहून करण्यासारखे काहीच नाही. खरेदीचा निर्णय मालक घेतो, पण प्रॉडक्ट जगते किंवा मरते ते सुपरवायझरच्या त्या काही मिनिटांत. म्हणून मशिनजवळ टाइप करायला लावणारा फॉर्म सुचवण्यापूर्वी त्या मिनिटांत काय सामावू शकते हे पाहून घ्यावे.

पाहताना लोकांनी स्वतःच केलेल्या जुगाडांकडे विशेष लक्ष द्यावे. खडूचा आकडा, वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोनच्या कव्हरमध्ये ठेवलेली चिठ्ठी: यांतले प्रत्येक जुगाड म्हणजे एखाद्या गरजेसाठी कोणीतरी आधीच कष्ट घेत असल्याचा पुरावा आहे. जिथे त्रास सांगितला जातो पण त्यावर कोणी काहीच करत नाही, तिथे तो त्रास प्रॉडक्टचा भार उचलण्याइतका मोठा नसण्याची शक्यता धरावी.

ऐकलेले मांडून ठेवणे

सहा-सात मुलाखतींनंतर टिपणांचा ढीग होतो. तो एका पानावर वंशावळीसारखा मांडावा. सर्वांत वर उद्दिष्ट, त्याखाली लोकांच्या गोष्टींतून निघालेल्या अडचणी, प्रत्येक अडचणीखाली सुचलेले उपाय आणि प्रत्येक उपायाखाली तो तपासण्याची चाचणी. अडचण लिहिताना तिच्यात उपाय लपवू नये. "ओलावा मोजण्याची सोय नाही" हे उपाय ठरवून लिहिलेले वाक्य आहे. "गाडी भरण्याआधी मालाची प्रत किती धरली जाईल याचा अंदाज येत नाही" ही अडचण आहे, आणि तिला ओलावा मोजणे हे एकमेव उत्तर नाही.

मुलाखती म्हणजे मतदान नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. सातपैकी पाच जणांनी एखादी गोष्ट सांगितली म्हणून जिल्ह्यातील सत्तर टक्के शेतकऱ्यांची ती अडचण ठरत नाही. मुलाखतीतून अडचणीचे स्वरूप कळते; तिचा प्रसार किती आहे हे कळण्यासाठी बाजार समितीची आवक, शासकीय खरेदीचे नियम किंवा स्वतःच्या अ‍ॅपचा वापर अशी दुसरी साधने हवीत. ओलाव्याच्याच बाबतीत पाहा. २०२४-२५ च्या खरीप हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि हमीभाव केंद्रावर माल स्वीकारण्यासाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. पावसाने भिजलेल्या मालाचा प्रश्न इतका व्यापक झाला की त्या हंगामापुरती ती नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्के करण्यात आली. उदगीरजवळच्या त्या एका गोष्टीमागे किती मोठा प्रश्न उभा आहे, याचा हा स्वतंत्र पुरावा आहे.

सॉफ्टवेअर न लिहिता चाचणी

आता टीमचे सर्वांत जोखमीचे गृहीतक बदलले आहे. ते असे झाले: "गाडी भरण्याआधी ओलावा कळला, तर शेतकरी आपला निर्णय बदलेल." हे तपासण्यासाठी अ‍ॅपची गरज नाही. हातात धरता येणारे ओलावा मोजण्याचे यंत्र, एक वही आणि काढणीनंतरचे काही दिवस पुरेसे आहेत.

टीममधील दोघांनी दोन-तीन गावांत थांबावे. ज्यांचा माल पुढच्या दोन-तीन दिवसांत बाजारात जाणार आहे अशांच्या घरी जाऊन, एकाच पोत्याच्या तोंडाशी असलेले दाणे न घेता वेगवेगळ्या पोत्यांतून आणि पोत्याच्या पोटातून नमुना काढावा, तो एकत्र करून मोजावा आणि आकडा लिहून चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर तारीख, नमुना कसा घेतला ते आणि आकडा एवढेच असावे. सल्ला देऊ नये. नंतर तीन गोष्टी नोंदवाव्यात. शेतकऱ्याने माल वाळत घातला, विक्री पुढे ढकलली किंवा दुसरीकडे नेला का. बाजारात मशीन लावल्यावर किती आकडा आला. आणि त्याने ती चिठ्ठी तिथे कोणाला दाखवली का.

चाचणीपूर्वीच मर्यादा ठरवावी. उदाहरणार्थ, वीस घरांपैकी आठ घरांनी तरी चिठ्ठीमुळे काही वेगळे केले तर पुढे जायचे, चारपेक्षा कमी घरांनी केले तर हा उपाय सोडायचा, आणि मधले काही आले तर कोणी बदलले व कोणी नाही याचा फरक शोधून पुन्हा एकदा करायचे. हे आकडे प्रत्येक टीमने आपल्या खर्चाप्रमाणे ठरवावेत. ते आधी ठरवणे अत्यावश्यक आहे. दुसऱ्या नोंदीत मोठा धोका दडलेला आहे. गावातील यंत्र ११ दाखवते आणि बाजारातील १४, असे वारंवार झाले, तर आपण शेतकऱ्याच्या हाती माहिती न देता भांडण दिले असे होईल. तो फरक यंत्राचा, नमुन्याचा की व्यवहाराचा, हे शोधल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. आणि तिसऱ्या नोंदीत चिठ्ठी सगळ्यांच्या खिशातच राहिली असे दिसले, तर आडत्यापुढे बोलण्याची सोय आणि बळ हाच खरा प्रश्न आहे का, याचा विचार करावा लागेल. तो कदाचित एकट्याच्या फोनने न सुटता शेतकरी उत्पादक कंपनीने एकत्र माल नेल्याने सुटेल.

पैशाची तयारी तपासायची असेल तर "किती द्याल?" असे न विचारता खरोखर किंमत सांगावी. दुसऱ्या खेपेच्या मोजणीला वीस रुपये लागतील असे सांगून किती जण बोलावतात ते पाहावे. काही टीम आधीच्या अ‍ॅपमध्ये अजून न बनवलेल्या सेवेचे बटण ठेवून किती जण दाबतात ते मोजतात. शहरी ग्राहकांपुरते ते चालत असेल, पण माल भरून दारात गाडी उभी असलेल्या माणसाला खोट्या बटणाने थांबवू नये. ते वापरायचेच असेल तर दाबल्याबरोबर "ही सेवा अजून सुरू नाही" असे स्पष्ट सांगावे.

प्रोटोटाइप, म्हणजे प्रॉडक्टचा कच्चा नमुना, कोणाच्या हातात आणि कुठे द्यावा

उपाय टिकेल असे दिसल्यावरच स्क्रीन काढाव्यात. सुरुवातीला कागदावरच्या पुरतात. डिझाइनच्या साधनात जोडलेल्या स्क्रीन फोनवर देताना तो फोन शक्यतो वापरणाऱ्याचाच असावा: त्याची तडा गेलेली काच, मोठी केलेली अक्षरे आणि भरलेली मेमरी यांसह. चाचणी कार्यालयात न घेता उन्हात, अंगणात किंवा बाजार समितीच्या शेडखाली घ्यावी. काम सोपवताना स्क्रीनवरचे शब्द वापरू नयेत. "तुमच्या मालाचा आकडा शोधून थोरल्या भावाला दाखवा" एवढे सांगावे आणि मग गप्प राहावे. बोट कुठे थबकते हे पाहण्याची वेळ असते तेव्हाच मदत करण्याचा मोह होतो.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलेला पाच वापरकर्त्यांचा हिशेब पुष्कळांनी ऐकलेला असतो. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. हा हिशेब वापरसुलभतेच्या दोषांपुरता आहे. पाच जणांना स्क्रीन वापरता आली यावरून प्रॉडक्टला मागणी आहे असे सिद्ध होत नाही, आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटासाठी वेगळी चाचणी लागते. फोन मुलगा हाताळणार असेल आणि आकडा वडील वाचणार असतील, तर तेही दोन गट झाले.

निर्णय आणि त्यानंतर

ठरलेली तारीख आली की पहिल्या दिवशीचा कागद समोर ठेवून निर्णय घ्यावा. निर्णयाची नोंद अर्ध्या पानाची असावी: काय ठरले, कशाच्या आधारे, काय सोडले आणि का. सोडलेल्या गोष्टींची नोंद विशेष जपावी, कारण सहा महिन्यांनी तीच कल्पना नव्या उत्साहाने कोणीतरी पुन्हा मांडते.

यादी देणारा ग्राहक समोर असेल तर त्याला पद्धतीचे व्याख्यान देऊ नये. त्याला एका मुलाखतीला सोबत न्यावे. ते शक्य नसेल तर परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली दोन मिनिटे ऐकवावीत आणि मग विचारावे की यादीतील कोणती ओळ आधी घ्यायची. यादी पूर्ण करण्याचा करार झालेला असेल तरी क्रम बदलण्यास बहुतेक ग्राहक तयार होतात, आणि क्रम बदलणे हीही मोठी मिळकत आहे.

डेव्हलपरकडे काम जाताना तिकिटासोबत, म्हणजे कामाच्या नोंदीसोबत, त्या अडचणीची मूळ गोष्ट, पट्टीचा नाव झाकलेला फोटो आणि चाचणीतील आकडे जोडावेत. हे काम पहिल्या आवृत्तीबरोबर संपवू नये. दर आठवड्याला किमान एका वापरकर्त्याशी बोलणे टीमच्या वेळापत्रकात कायम ठेवावे, मग तो फोनवर असला तरी चालेल. ज्यांनी वेळ दिला त्यांना काय ठरले हे परत कळवावे. "काका, तुमच्याकडं ऐकलं म्हणून आम्ही भावाचं काम मागं ठेवलं अन् ओलाव्याचं आधी घेतलं" असा एक फोन पुरतो. पुढच्या खरिपाच्या काढणीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्याच घरांत पुन्हा जाण्याच्या तारखा आजच लिहून घ्याव्यात, कारण ओलाव्याचा आकडा आणि शेतकऱ्याचा निर्णय या दोन्हींवर त्या वर्षीच्या पावसाचा परिणाम होतो आणि एका हंगामाची नोंद दुसऱ्या हंगामाला लावता येत नाही.